शाळेचे तीन दरवाजे आणि आपले साहित्य

दलित आत्मकथनांत शाळेचा दरवाजा एकच आहे. 'उपरा'मध्ये (१९८०) जातपंचायतीचा विरोध पत्करून बाप पोराला शाळेत घालतो. 'अक्करमाशी'त (१९८४) दरवाजा उघडला आहे, पण सहलीला गेल्यावरही दलित मुलांची पंगत वेगळीच बसते. 'आयदान'मध्ये (२००३) मुलीला मारणाऱ्या गुरुजींना आई जाब विचारते. झगडा आहे तो आत शिरण्याचा, आणि आत माणूस म्हणून बसण्याचा.

माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. या लेखनाने मला भाषा दिली. म्हणूनच विचारतो : त्या पिढीची नातवंडे आज शाळेच्या वयाची आहेत, त्यांच्या आईबापांपुढे तीन दरवाजे आहेत, आणि आपले साहित्य त्यांच्याविषयी इतके थोडे का बोलते?

मी चारकोपमध्ये राहतो. ही वस्ती १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने वसवली गेली. सरकारने लहान भूखंड आणि मूलभूत सोयी द्यायच्या, घर ज्याचे त्याने बांधायचे, ही तिची कल्पना. शिक्षणातही सरकार आता तेच म्हणते आहे : शाळा ज्याची त्याने पाहावी. पालिकेची शाळा मोफत. त्यांतल्या काही २०२० नंतर 'मुंबई पब्लिक स्कूल' झाल्या, केंद्रीय मंडळांचा अभ्यासक्रमही काही ठिकाणी आला, पण तिथे सोडतीत नाव लागावे लागते. दुसरी अनुदानित मराठी शाळा. तिसरी खाजगी इंग्रजी, फी घेणारी. तिला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पंचवीस टक्के जागांची एक खिडकी पाडली. ९ फेब्रुवारी २०२४ ला, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट देऊन, राज्य सरकारने ती बुजवू पाहिली. १९ जुलै २०२४ ला उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तरी ही खिडकी आठवीपर्यंतच. नववीची फी कोणी भरायची?

याला 'पालकांची निवड' म्हणणे ही फसवणूक आहे. मूल निवडते ती शाळा, सोडत आणि फी.

आपले काही कार्यकर्ते यावर मातृभाषेचे व्याख्यान देतात. त्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत असतात. त्या आईला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतात ते तिला ठाऊक आहे. पण इंग्रजी हवी म्हणजे खाजगी शाळाच हवी, हे समीकरण आपले नव्हे. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून, आणि ती सरकारी शाळा होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी रयतेच्या करातून रयतेच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागितले. ती मागणी सार्वजनिक होती. आज तीच मागणी घराघरांत फुटून, भिशीच्या आणि हप्त्यांच्या हिशेबात, रात्री नवराबायकोच्या हलक्या आवाजात बोलली जाते.

तो हलका आवाज आपल्या साहित्यात यायला हवा. जातपंचायत दिसत होती, गुरुजींची छडी दिसत होती. फीची पावती निरुपद्रवी दिसते. तिच्यामागची व्यवस्था उघडी करणे हे आजच्या लेखकाचे काम. आणि कार्यकर्त्याचे काम पालिकेच्या शाळेत उत्तम इंग्रजी आणि पुरेसे शिक्षक मागण्याचे, सोडतीशिवाय, प्रत्येक मुलाला.