आजीबाईंचे दप्तर : पंडिता रमाबाईंच्या पत्रसंग्रहाचे परीक्षण

पंडिता रमाबाई यांचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 साली प्रसिद्ध केला, हे या त्रैमासिकाच्या वाचकांस विदित आहेच. संपादन अ. भि. शहा यांचे, मूळ संग्रह मात्र इंग्लंडातील वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या सिस्टर जेराल्डीन यांनी सिद्ध केलेला. रमाबाईंच्या धर्मान्तराची आणि धर्ममतांची चर्चा करू इच्छिणारे या ग्रंथाकडे वळतात, आणि ते योग्यच होय. प्रस्तुत परीक्षणात आम्ही त्याकडे निराळ्या बाजूने पाहणार आहोत. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने कोठे राहावे, काय शिकावे, आणि हे कोणी ठरवावे, या एका गृह्य प्रश्नाचे दप्तर म्हणून हा संग्रह कसा वाचावा, व जुन्या कागदांच्या संग्राहकांनी त्यापासून कोणता बोध घ्यावा, एवढाच आमचा विषय.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. धर्मकार्यार्थ परदेशी राहणाऱ्या मिशनरी कुटुंबांपुढे मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न प्रारंभापासून उभा होता. उष्ण देशातील रोग, लहान मुलांचे मृत्यू, आणि मूल स्वजनांस परके होईल ही धास्ती, या तिन्ही कारणांनी मुलांस स्वदेशी धाडण्याचा प्रघात पडला. त्याकरिता लंडनजवळ वॉल्थमस्टो येथे मिशनऱ्यांच्या मुलींसाठी 1838 साली व मुलांसाठी 1842 साली निवासासह शाळा निघाल्या. आपल्याकडील दोन उदाहरणे देतो. डॉ. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट या 1829 साली मुंबईस आल्या, मराठी शिकल्या, आणि मुलींच्या शाळा काढून त्यांतच खपल्या. 19 एप्रिल 1835 रोजी त्या मुंबईसच निवर्तल्या. इतरांच्या मुलींस त्यांनी मराठीत शिकविले. परंतु 1831 साली जन्मलेला त्यांचा स्वतःचा मुलगा अँड्रू शिकला तो एडिंबरो व ट्यूबिंगेन येथे, आणि पुढे मुंबईत आला तो पित्याच्या मिशनात नव्हे, तर वर्तमानपत्राच्या कचेरीत. दुसरे उदाहरण रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे. जन्म 1847 चा, मुंबईचा. 1854 साली पिता परतीच्या प्रवासात समुद्रावरच वारले. शिक्षण अमेरिकेत झाले. आणि 1874 साली ते स्वतः मिशनरी होऊन अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आले. एक मुलगा दुसऱ्या वाटेस लागला, दुसरा त्याच वाटेने परत आला. परंतु मुलाने आपल्या लोकांत वाढावे, आपल्या भाषेत शिकावे, ही मिशनरी आईबापांची इच्छा कोणी कधी हट्ट म्हणून गणली नाही. हे वाचकांनी पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

आता रमाबाईंकडे वळू. त्यांचे स्वतःचे शिक्षण कोणत्याही शाळेत झाले नाही. पिता अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत. माता लक्ष्मीबाई यांना पतीने संस्कृत शिकविले होते, आणि त्या मातेनेच मुलीस पाठ दिले. म्हणजे विद्या ही आईच्या मुखातून व चालत्या प्रवासात मिळावयाची वस्तु, हा या बाईंचा जन्मापासूनचा अनुभव. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्यांची पाठशाळा ती एवढीच. पुढे आईबाप दुष्काळात गेले, 1880 साली बंधु गेला, 1882 च्या फेब्रुवारीत पति बिपिनबिहारी दास मेधावी गेले. 16 एप्रिल 1881 रोजी जन्मलेली मनोरमा एवढेच काय ते स्वतःचे म्हणावे असे माणूस उरले. तिला घेऊन रमाबाई 1883 च्या एप्रिलात इंग्लंडास निघाल्या, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. 1884 साली त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या. तेथे संस्कृत शिकवीत व स्वतः इतर विषय शिकत. कॉलेज एके ठिकाणी आणि मठ दुसऱ्या ठिकाणी, अशा स्थितीत मूल पुष्कळदा मठातील भगिनींच्या हाती राहिले. 1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या वेळी मनोरमा बरोबर होती. पुढे तिला पुनः वाँटेजला धाडावे लागले. मातेचा दौरा, ग्रंथलेखन आणि शारदा सदनासाठी चाललेला द्रव्यसंग्रह यांत मुलीचे बालपण असे वाटले गेले.

या पत्रांत रमाबाई जेराल्डीनबाईंना ‘आजीबाई’ असे संबोधितात. सर्व मजकूर इंग्रजी, आणि त्याच्या शिरोभागी हा एक घरगुती मराठी शब्द! आमच्या मते या शब्दाकडे टीकाकाराने आदराने पाहिले पाहिजे, कारण वादाचे बीज त्यात आहे. बाप्तिस्म्यामुळे जेराल्डीनबाई स्वतःस रमाबाईंची धर्ममाता समजत. रमाबाईंनी त्यांस मनोरमेच्या नात्याने आजी केले. आजीचा मान घरात मोठा. ती नातवंडास न्हाऊ घालील, गोष्टी सांगेल, आजारात रात्र रात्र जागेल. परंतु मुलास कोणत्या गुरूकडे घालावयाचे हे आईबाप ठरवितात, आजी नव्हे. रमाबाईंनी दिला तो मान. जेराल्डीनबाईंनी घेतला तो अधिकार. दोन्ही बाजूंस प्रेम होते याविषयी आम्हांस शंका नाही, आणि म्हणूनच ही पत्रे वाचताना मन अस्वस्थ होते.

वाद बाह्यतः धर्मसिद्धान्तांचा आहे. लहान मुलीस कोणती गूढ तत्त्वे शिकवावी, कोणती शिकवू नयेत, याबद्दल आईचे व मठाचे पटले नाही. रमाबाईंचे म्हणणे असे की, जे आपणांस स्वतः विचाराने पटले नाही ते मुलीच्या मुखी घालू देणार नाही. भगिनींच्या दृष्टीने हा अहंकार व स्वच्छंद होता. परंतु पत्रे एकामागून एक वाचीत गेल्यावर ध्यानात येते की, सिद्धान्ताच्या आड दुसरीच एक गोष्ट उभी आहे. मुलीने आपल्या देशाच्या लोकांत परकी होऊ नये, आपल्या लोकांचे नाव निघाले असता तिने लाजेने खाली पाहू नये, ही चिंता रमाबाईंनी स्वतः लिहून ठेविली आहे. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस धारण करण्याविषयी त्यांनी जी हरकत घेतली तीही याच जातीची. आपल्या प्राचीन संस्कृत भाषेत काय उणे आहे, हा त्यांचा प्रश्न होता. ज्याने आयुष्य संस्कृत शिकविण्यात घालविले त्यास हा प्रश्न वाचून आनंद व्हावा हे उघड आहे, आणि तो आम्हांस झाला हे लपवीत नाही. तथापि हा अभिमानाचा उद्गार नसून मातेच्या युक्तिवादाचा एक अवयव आहे, हे विसरता कामा नये. धर्म बदलला तरी लोक बदलावयाचे नाहीत, हाच तो युक्तिवाद.

येथे वर दिलेल्या पूर्वपीठिकेचा उपयोग होतो. विल्सन, ह्यूम आणि वॉल्थमस्टोच्या शाळा चालविणारे यांस जे हवे होते, नेमके तेच रमाबाई मागत होत्या. मिशनऱ्याने आपले मूल एडिंबरोस धाडले तर ते मूल स्वजनांस पारखे होऊ नये म्हणून. रमाबाईंनी मुलीस हिंदु लोकांतून तुटू देण्याचे नाकारले तेही त्याचसाठी. एकाच्या बाबतीत ते कर्तव्य आणि दुसरीच्या बाबतीत तो ताठा, असे दोन न्याय का लागावे? जेराल्डीनबाईंस ही विसंगति दिसली नाही. त्यांच्या मठाची शाखा पुण्यात होती, धर्मकार्यार्थ परदेशी राहणाऱ्यांचे क्लेश त्यांस ठाऊक असले पाहिजेत. परंतु इंग्लंडात आलेली ही बाईही परदेशी मूल वाढविणारी माता आहे, हे त्यांच्या टिपणांत कोठे उमटत नाही. संग्रहाचे सर्वांत मोठे वैगुण्य आम्हांस हे वाटते.

संग्रहाच्या प्रामाण्याविषयी दोन शब्द. संग्राहिका ही वादातील एक पक्षकार आहे. कोणती पत्रे ठेवावयाची, त्यांवर काय लिहावयाचे, हे तिच्या हाती होते. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष बहुधा सिद्धान्त्याच्याच मुखाने ऐकावा लागतो. चार्वाकाचे दर्शन आज आपण माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहातून वाचतो, म्हणजे खंडन करणाऱ्याच्या हातून. सुदैवाने येथे स्थिति तितकी वाईट नाही. रमाबाईंची पत्रे त्यांच्याच शब्दांत उरली आहेत, आणि ती जेराल्डीनबाईंनीच उरविली. ज्या पत्रांत स्वतःस खडे बोल ऐकावे लागले तीही त्यांनी फाडली नाहीत. कॅनन बटलर, चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील आणि बिशपमंडळी यांचीही पत्रे शेजारी ठेविली. हा प्रामाणिकपणा लहान नव्हे. संग्राहिकेच्या मतास बाजूस सारून वाचकाने उलट निर्णय द्यावा, एवढा पुरावा तिनेच जतन केला. दप्तर राखणाऱ्यास यापरते प्रशस्तिपत्र कोणते?

तथापि या ग्रंथात खरा चार्वाक एक आहेच, आणि तो म्हणजे मनोरमा. दोन ते पाच वर्षांच्या मुलीची वाणी पत्रव्यवहारात कोठून येणार? तिच्याविषयी सर्व बोलतात. ती कोणत्या भाषेत झोपी जात होती, आईस कोणत्या शब्दाने हाक मारीत होती, मराठी किती विसरली, हे आपणांस तिच्याकडून कळत नाही. पुढे हीच मनोरमा मातेच्या कार्यात उजवा हात झाली, आणि 24 जुलै 1921 रोजी मातेच्या आधी गेली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. मुलगी अखेर मातेच्या कार्यात, आपल्या लोकांत राहिली. वादाचा निकाल आयुष्याने दिला. परंतु त्या निकालास कोणती किंमत पडली याचा कागद नाही.

संपादनाविषयी आमची अपेक्षा एवढीच की, या इंग्रजी पत्रांशेजारी रमाबाईंचे त्याच काळातील मराठी लेखन, म्हणजे 1883 चे ‘इंग्लंडचा प्रवास’ व 1889 चे अमेरिकेचे प्रवासवृत्त, ठेवून कोणी तरी कालानुक्रमाने सटीप आवृत्ति सिद्ध करावी. मीरा कोसंबी यांनी रमाबाईंचे मराठी लेखन इंग्रजीत नेऊन अर्धे काम केले आहे. उरलेले अर्धे मराठी वाचकांकरिता मराठीत झाले पाहिजे. ज्या भाषेसाठी माता झगडली त्या भाषेतच तिचे हे भांडण वाचावयास मिळू नये, ही आपणां सर्वांस कमीपणा आणणारी गोष्ट आहे.

शेवटी संग्राहक बंधूंस एक विनंती. आपण सनदा, महजर, वंशावळी जपतो. घरगुती पत्रे टाकतो. आमच्या नागपूर प्रांतातील स्टीफन हिस्लॉप 1863 साली पाण्यात बुडून वारल्यावर त्यांचे वन्य जातींविषयीचे कागद 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी छापून काढिले, हे उत्तमच झाले. विद्वानांची दृष्टि प्रथम तिकडेच जावयाची. आमचीही तीच चूक झाली आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एकोडी येथे एका घरचे जुने रुमाल पाहण्याचा योग आला. त्यांतून मोडी कागद निवडून आम्ही नकलून घेतले. त्याच रुमालात त्या घरच्या एका मुलाने शिकावयास नागपुरास असताना आईस लिहिलेली काही पत्रे होती. आईस वाचता येत नसावे, कारण शेवटी वाचून दाखविणाऱ्यास विनंती होती की, मजकूर आईस सावकाश वाचून दाखवावा. ती पत्रे आम्ही ‘घरगुती’ म्हणून पुनः बांधून ठेविली. पुढे एका पावसाळ्यात त्या घराची भिंत बसली आणि रुमाल चिखलात गेला. मोडी कागदांच्या नकला आमच्याजवळ आहेत. त्यांत शेताच्या चतुःसीमा आहेत, साक्षीदार आहेत; मूल दूर गेल्यावर त्या घरात काय झाले, ते नाही.

वाँटेजच्या आजीबाईंचे मत आम्हांस मान्य नाही. परंतु पत्र फाडू नये, एवढी एक गोष्ट त्या आमच्यापेक्षा अधिक जाणत होत्या.

एकोडी, जिल्हा भंडारा