वाड्याने जपलेले दोन चेहरे

रोममधील व्हिया देल कोर्सो या गजबजलेल्या रस्त्यावर दोरिया पाम्फिली घराण्याचा वाडा आहे. पोप दहावे इनोसन्ट (कारकीर्द १६४४–१६५५) हे पाम्फिली घराण्यातले. त्यांचे पुतणे कामिल्लो यांनी कार्डिनलपद सोडून १६४७ साली ओलिंपिया आल्दोब्रांदिनी यांच्याशी विवाह केला आणि त्या विवाहसंबंधातून हा वाडा पाम्फिलींकडे आला. तेथील चित्रसंग्रह आजही घराण्याकडेच आहे. भिंती भरभरून, चित्राला चित्र खेटून लावलेली. प्रथमदर्शनी डोळा भांबावतो.

एका लहानशा कक्षात मात्र पोप इनोसन्ट आपणांस दोनदा भेटतात. बेर्निनी यांच्या संगमरवरी अर्धपुतळ्यात ते शांत, भारदस्त दिसतात. शेजारी व्हेलास्केस यांनी १६५० च्या सुमारास रंगविलेले व्यक्तिचित्र आहे. लाल पडदा, लाल खुर्ची, लाल टोपी. आणि त्या लाल रंगातून रोखून पाहणारे संशयी, सावध डोळे. ‘फारच खरे!’ असे पोपमहाशय उद्गारले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चित्र तिला साक्ष देते.

पुतळा पदाचा आहे, चित्र माणसाचे आहे. बेर्निनींनी खोटे सांगितले असे आम्ही म्हणणार नाही. पदालाही स्वतःचे सत्य असते. परंतु पुतळ्यापुढे आम्ही आदराने उभे राहतो, तर चित्रापुढे आमचीच झडती होते. अधिकाराच्या वस्त्रांत वावरणाऱ्या प्रत्येकाने ते डोळे एकदा तरी सोसावेत.

याच वाड्यात काराव्हाज्जो यांचे ‘इजिप्तला पलायन करताना विश्रांती’ हे सुमारे १५९७ चे चित्र आहे. मरिया बाळासह पेंगुळलेली आहे. देवदूत व्हायोलिन वाजवीत आहे आणि थकलेला वृद्ध योसेफ त्याच्यापुढे स्वरलिपी धरून बसला आहे. ते सूर ‘गीतरत्ना’तील शब्दांवर रचलेल्या एका गीताचे आहेत. येथेही पावित्र्य थकव्याला लपवीत नाही.

उमरावांच्या संग्रहांत वैभवाचे प्रदर्शन असते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तरीही आपल्या सर्वांत थोर पूर्वजाचा न सजविलेला चेहरा या घराण्याने साडेतीन शतकांहून अधिक काळ जपला. आमच्या धर्मग्रामांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळताना आम्हांस तो कक्ष आठवतो. त्यांत पुतळे पुष्कळ सापडतात. चेहरे शोधावे लागतात.