‘आम्ही’ आणि ‘आपण’ : आनंद पटवर्धन यांचे अनुबोधपट

क्रुसाची खूण करताना आपल्या ओठी येणाऱ्या शब्दांतील शेवटचा शब्द बदलून कोणी चित्रपटाला नाव दिले, तर श्रद्धावंताच्या मनाला ठेच लागणे स्वाभाविक आहे. आनंद पटवर्धन यांच्या १९९५ च्या ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ ह्या अनुबोधपटाचे इंग्रजी नाव ‘फादर, सन अँड होली वॉर’ असे आहे. प्रथम ऐकले तेव्हा आम्हांसही ते रुचले नव्हते. चित्रपट पाहिल्यावर मात्र त्यामागचा अर्थ उमगला. पिता आणि पुत्र यांच्यामधील प्रेम म्हणजेच पवित्र आत्मा, असे संत ऑगस्टीन यांनी शिकविले. ते प्रेमच काढून घेतले, तर पित्याने पुत्राच्या हाती काय सोपवावे? देवराळ्याच्या १९८७ च्या सतीपासून मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींपर्यंत फिरून हा चित्रपट उत्तर देतो : मर्दानगीचा अहंकार आणि त्यातून उपजलेली हिंसा. त्या नावात थट्टा नसून शोक आहे, असे आमचे मत झाले.

पटवर्धन यांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. परंतु स्वातंत्र्यलढ्यात नाव मिळविलेले त्यांचे काका, रावसाहेब आणि अच्युत पटवर्धन, हे आपल्या शेजारच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. २०२३ च्या ‘वसुधैव कुटुंबकम्’ ह्या चित्रपटात त्यांनी घरातील ह्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी गुंफल्या आहेत. त्याआधी बिहारमधील जयप्रकाशांचे आंदोलन, आणीबाणीतील राजकीय कैदी, मुंबईतील झोपडीवासी, नर्मदेचे विस्थापित आणि पोखरणचे अणुस्फोट असे एकाहून एक अडचणीचे विषय त्यांनी हाताळले.

विषय अनेक, पण प्रश्न एकच : ‘हा देश आमचा’ असे म्हणताना त्या ‘आमचा’मध्ये कोणाकोणाला जागा आहे? आपल्या मराठीने ह्यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो घरात येतो. पटवर्धनांची सारी कारकीर्द ह्या उंबऱ्यावर उभी आहे.

‘राम के नाम’ (१९९२) मधील पुजारी लालदास आठवावेत. न्यायालयाने नेमलेले हे रामजन्मभूमीचे पुजारी. देवाच्या नावाने चाललेले राजकारण त्यांना मान्य नाही, आणि ते तसे कॅमेऱ्यापुढे शांतपणे सांगतात. घोषणांच्या गदारोळात त्यांचा तो संथ आवाज मनात घर करून राहतो. १९९३ साली त्यांची हत्या झाली. श्रद्धा आणि श्रद्धेचा व्यापार ह्यांतील फरक दाखविण्यासाठी दिग्दर्शकाने एका श्रद्धावंतालाच साक्षीस बोलाविले, हे आपल्यासारख्या धार्मिक कुटुंबांनी ध्यानात घ्यावे.

तथापि त्यांची सर्वांत थोर कृती ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हीच, असे आम्ही मानतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी गळफास घेतला. हेच घोगरे पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये गायले होते. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणाऱ्या ह्या शाहिराने मरताना डोक्याला निळे फडके का बांधले, ह्याचा शोध घेण्यात दिग्दर्शकाची चौदा वर्षे गेली. वस्त्यांतील गाणी, मोर्चे आणि शोकसभा ह्यांतून एका समाजाचा स्वाभिमान येथे बोलतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात बसून हा चित्रपट पाहणे सोपे नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे लोटली. नावासाठी माणसे प्राण देतात, हे ह्या भूमीला शिकवावे लागत नाही. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांचे पूर्वज ह्याच वस्त्यांतून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत. ह्या अन्यायाची तक्रार आपण करतो आणि ती रास्त आहे. पण मुलामुलींची सोयरीक जुळविताना आपणही पूर्वजांची जात हळूच विचारतो की नाही? वेदीसमोर ‘आपण’ आणि लग्नाच्या बैठकीत ‘आम्ही’, हे कसे चालेल?

ह्या दिग्दर्शकाच्या कलेत उणिवा नाहीत असे नव्हे. प्रतिपक्षाचा माणूस बोलता बोलता स्वतःच्याच शब्दांत अडकतो, तेव्हा संकलन प्रेक्षकाला हसण्याची सोय करून देते. आम्हीही हसलो आणि मग ओशाळलो; कारण त्या हसण्यातून शहाण्यांचा एक नवा ‘आम्ही’ तयार होतो आणि चुकलेला भाऊ पुन्हा बाहेरच राहतो. सुमारे चार तासांच्या ‘विवेक’ (२०१८) मध्ये दाभोलकर-पानसरे ह्यांच्या खुनांचा विषय असल्याने संताप समजू शकतो, तरी तेथे निष्कर्ष आधी आणि माणूस नंतर, असे काही ठिकाणी वाटते. ‘हमारा शहर’मध्ये एक बेघर स्त्री चित्रीकरण करणाऱ्यांनाच खडसावते की, ह्यातून आमचे काय भले होणार? तो प्रसंग दिग्दर्शकाने कापला नाही. स्वतःवर उलटलेला प्रश्न ठेवून घेण्याचे ते धैर्य उत्तरकाळात थोडे विरळ झाले आहे.

मात्र त्यांच्या चिकाटीला दाद द्यावीच लागेल. ‘राम के नाम’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण दूरदर्शनवर येण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ दाखविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. ‘जंग और अमन’मध्ये सेन्सॉर मंडळाने सुचविलेल्या काटछाटीविरुद्ध ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली चित्रपट अखंड सुटला. पडदे जाळून वा दगड फेकून नव्हे, तर घटनेचा आधार घेऊन ते लढले. अल्पसंख्य म्हणून त्याच घटनेच्या आसऱ्याने जगणाऱ्या आपल्याला ही वाट परकी वाटू नये.

म्हणून आमची सूचना एवढीच. धर्मग्रामाच्या सभागृहात एखाद्या संध्याकाळी ‘जय भीम कॉम्रेड’ लावावा. लहानथोरांनी मिळून पाहावा, वाद घालावा, पटणार नाही ते पटत नाही म्हणून सांगावे. आणि त्या संध्याकाळी शेजारच्या वस्तीतील बौद्ध बांधवांनाही बोलवावे. ते आले, तर ‘आपण’ हा शब्द उच्चारण्यास निदान एक प्रसंग मिळेल.