हॉकीपटूंचे करार आणि सामुदायिक वाटाघाट

व्यावसायिक खेळातील करारनियमांची चर्चा बहुधा दोन प्रश्नांत गुंतून पडते : खेळाडूस मोबदला किती, आणि त्याच्यावर बंधन किती. हे नियम कोणी कोणाशी विचारविनिमय करून ठरविले, हा त्याआधीचा प्रश्न मात्र मागे राहतो. भारतीय हॉकीपुरता तो 'धनराज पिल्ले व इतर विरुद्ध हॉकी इंडिया' (क्र. ७३, सन २०११) या प्रकरणात उभा राहिला. भारतीय स्पर्धा आयोगाने त्याचा निर्णय ३१ मे २०१३ रोजी दिला.

प्रकरणाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. भारतीय हॉकी महासंघ व निंबस यांनी 'वर्ल्ड सीरीज हॉकी' ही स्पर्धा योजिली. तिला हॉकी इंडियाची मान्यता नव्हती. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०११ च्या नियमांनुसार अमान्य स्पर्धेत खेळणाऱ्यास मान्य स्पर्धांत अपात्र ठरविता येत होते. हॉकी इंडियाने खेळाडूंकडून घेतलेल्या आचारसंहितेच्या करारातही याच धर्तीची बंधने होती. खडकीचे धनराज पिल्ले व त्यांचे सहकारी यांनी यास स्पर्धा अधिनियम, २००२ खाली आव्हान दिले. दरम्यान २९ फेब्रुवारी २०१२ रोजी सुरू झालेली ती स्पर्धा २ एप्रिलला संपली आणि पुन्हा कधी भरली नाही.

आयोगाने हॉकी इंडियाचे वर्चस्व मान्य केले. तथापि तिने त्याचा गैरवापर केल्याचे मानले नाही. खेळाची अखंडता राखण्यासाठी ही बंधने आवश्यक व प्रमाणशीर आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. नियमनाचा अधिकार व्यापारी हितासाठी वापरला जाऊ नये म्हणून हॉकी इंडियाने अंतर्गत नियंत्रणव्यवस्था उभारावी, असेही त्याने सुचविले.

या युक्तिवादातील उणीव येथेच आहे. जी संस्था नियामक आहे आणि आयोजकही आहे, तिनेच स्वतःवर अंकुश ठेवावा, अशी ही अपेक्षा होती. पुढे हॉकी इंडिया लीगचा पहिला हंगाम जानेवारी २०१३ मध्ये झाला, म्हणजे निर्णयाच्या वेळी ती संस्था लीगचीही चालक होती. शिवाय बंधन प्रमाणशीर आहे की नाही, हे ठरविताना ज्याच्यावर ते लादले त्याची संमती कशी मिळविली, याची छाननी गौण ठरते. राष्ट्रीय संघात निवड व्हावी अशी इच्छा असणारा खेळाडू सही नाकारील कसा? आयोगाला सर्वस्वी दोष देणे मात्र न्याय्य नव्हे. स्पर्धा कायद्याची कसोटी बाजाराची आहे. वाटाघाटीची उणीव भरून काढणे हे तिचे काम नव्हे.

उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकी हा वेगळा खेळ असला, तरी तेथील अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९५७ मध्ये टेड लिंडसे यांनी आरंभिलेला खेळाडूसंघ टिकला नाही. स्थिर संघ १९६७ मध्ये उभा राहिला. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत गेला आणि त्यानंतर वेतनखर्चाची कमाल मर्यादा आली. २०१३ च्या करारात खेळाडूच्या कराराची मुदत स्वतःच्या क्लबशी आठ व अन्य क्लबशी सात वर्षे अशी ठरली; २०२५ मध्ये मान्य झालेल्या, सप्टेंबर २०२६ पासूनच्या करारात ती सात व सहा वर्षांवर आणली. बंधने तेथेही कडक आहेत. परंतु ती दोन संघटित पक्षांनी ठरविलेली आहेत, आणि पुढील करारात बदलता येतात.

भारतात यास आडवी येणारी एक व्यावहारिक अडचण आहे. अनेक नामवंत हॉकीपटूंचे निर्वाहाचे साधन रेल्वे वा तेलकंपन्यांसारख्या संस्थांतील नोकरी असते. लीगचा करार काही आठवड्यांपुरता. त्यामुळे हे खेळाडू एका मालकाचे कामगार म्हणून एकत्र येत नाहीत, आणि राष्ट्रीय संस्थेपुढे प्रत्येकजण एकटाच उभा राहतो. म्हणून करारनियमांच्या सुधारणेचा आरंभ कलमांच्या दुरुस्तीने न होता, ज्याच्याशी वाटाघाट करणे भाग पडेल अशा प्रातिनिधिक खेळाडूसंघाच्या मान्यतेने व्हावयास हवा. त्याअभावी उत्तम कलमेदेखील देणाऱ्याच्या मर्जीवरच राहतील.