स्पर्धेची एकांकिका, स्पर्धेचे भाषण : गुणपत्रिकेने घडविलेल्या दोन रूपांविषयी

'स्पर्धेची एकांकिका' हा शब्दप्रयोग मराठी नाट्यव्यवहारात दोन परस्परविरोधी अर्थांनी वापरला जातो. तालमीच्या खोलीत एखादी संहिता वाचून झाल्यावर 'ही स्पर्धेची आहे' असे कोणी म्हणाले, तर ती प्रशंसा असते. तेच वाक्य समीक्षकाच्या तोंडी आले की त्यात नापसंती असते. 'स्पर्धेचे भाषण' याची गतीही वेगळी नाही. हे दोन अर्थ एकाच वस्तूला का चिकटले आहेत, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. महाविद्यालयीन स्पर्धांवर आजवर जे लेखन झाले, त्यात आठवणींचा आणि गौरवाचा भाग मोठा आहे. स्पर्धेच्या नियमांनी विद्यार्थ्यांच्या नाट्यलेखनाला आणि वक्तृत्वाला कोणते रूप दिले, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो.

पार्श्वभूमी वाचकांस परिचित आहे. ती थोडक्यात नोंदविणे पुरेसे. शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेस १९५४ मध्ये आरंभ झाला आणि हौशी रंगभूमीला स्पर्धेची चौकट मिळाली. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरची स्पर्धा, चतुरंग प्रतिष्ठानची २५ जानेवारीच्या रात्री रंगणारी 'सवाई', विद्यापीठांचे युवक महोत्सव आणि अलीकडे वृत्तपत्रांनी भरविलेल्या स्पर्धा असा हा विस्तार आहे. विजेत्या एकांकिकांचीच पुन्हा स्पर्धा लावणारी 'सवाई' ही कल्पना तर या व्यवस्थेचे टोकच म्हणावे लागेल.

मात्र या सर्व स्पर्धांना एकच माप लावणे योग्य होणार नाही. पुण्यातील दोन करंडकांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पुरुषोत्तम करंडकात भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर असतो. नेपथ्य, प्रकाशयोजना वा संगीत यांना गुण नसतात. श्रीमंत संघाला आपली श्रीमंती तेथे वापरता येत नाही. दोन लाकडी खुर्च्या आणि एक चौरंग यांतून न्यायालय, रेल्वेचा डबा किंवा वाडा उभा करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांच्या नटांना या एका नियमाने लावली. याच शहरातील फिरोदिया करंडकाचे धोरण जवळजवळ उलटे. तेथे आयोजकांनी दिलेल्या विषयांपैकी एक निवडायचा आणि त्यात नाट्य, संगीत, नृत्य, चित्र, बाहुल्या अशा अनेक कलांची गुंफण करायची. एकाच महाविद्यालयातील तीच मुले पावसाळ्यात पहिली स्पर्धा करतात आणि हिवाळा सरता सरता दुसरी. म्हणजे एका शैक्षणिक वर्षात त्यांना दोन भिन्न सौंदर्यदृष्टींचा अवलंब करावा लागतो : एक वजाबाकीची, दुसरी बेरजेची. हा विरोध विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगत नाही. ते तो तालमीत भोगतात. परिणामी पुष्कळदा असे घडते की बेरजेच्या स्पर्धेत जे शिकले, ते वजाबाकीच्या स्पर्धेत चोरट्या वाटेने शिरते. संगीताला गुण नाहीत, मग समूहाने तोंडानेच संगीत करायचे. नेपथ्याला गुण नाहीत, मग आठ मुलांनी मिळून झाड, दार, नदी व्हायचे. पहिल्यांदा ज्याला हे सुचले असेल त्याची ती प्रतिभा होती यात शंका नाही. आज तो एक ठरीव संकेत झाला आहे, आणि संहितेला त्या नदीची गरज आहे की नाही हे कोणी तपासत नाही.

येथून स्पर्धेच्या एकांकिकेची शरीररचना लक्षात येऊ लागते. परीक्षक सकाळपासून बसलेले असतात. एका दिवसात त्यांच्यासमोरून अनेक प्रयोग जातात. विद्यार्थी दिग्दर्शकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी दचकविणारे हवे, मध्ये टाळीची एक हमखास जागा हवी आणि शेवटच्या ब्लॅकआउटपूर्वी सर्व उलटवून टाकणारे वळण हवे. प्रस्तुत लेखकाने लहानमोठ्या स्पर्धांचे परीक्षण करताना स्वतःच्या टिपणवहीत 'शेवट चांगला' हा शेरा किती वेळा लिहिला, हे नंतर मोजले तेव्हा त्याला संकोच वाटला. त्यातील बहुतेक एकांकिकांचे मधले अर्धे आज आठवत नाही. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. थकलेल्या परीक्षकाच्या लक्षाचा आलेख त्यांनी अचूक वाचला आणि संहिता त्यावर बेतली, इतकेच.

विषयाच्या निवडीबाबत अधिक कठोर बोलणे भाग आहे. शेतकऱ्याची आत्महत्या, दंगल, अत्याचार, सीमेवरील मृत्यू हे विषय स्पर्धेत पुन्हा पुन्हा येतात. ते येऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या दुःखाशी लेखकाचा संबंध बातमीपुरता आहे, ते दुःख तो परिणामाचे साधन म्हणून वापरतो, तेव्हा भाषाच त्याची साक्ष देते. शहरी संघांतील ग्रामीण बोली पाहावी. 'ण'चा 'न' केला आणि क्रियापदांची शेपटे बदलली की बोली झाली, असा समज दिसतो. ती बोली कोल्हापूरची नसते, मराठवाड्याची नसते आणि वऱ्हाडची तर नसतेच. ती रंगभूमीच्या कपाटातून काढलेली पोशाखासारखी बोली असते. याउलट तालुक्याच्या ठिकाणचा संघ आपली घरची बोली घेऊन येतो आणि शहरातील परीक्षक 'उच्चारांकडे लक्ष द्यावे' असा सल्ला देतो. हा अन्याय किरकोळ नाही. एकाचे सोंग अभिनयाच्या खात्यात जमा होते आणि दुसऱ्याची मातृभाषा दोषांच्या खात्यात.

तरीही या व्यवस्थेने मराठी रंगभूमीला जे दिले ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. देवेंद्र पेम यांचे 'ऑल द बेस्ट' मूळ एकांकिका होते. १९९३ मध्ये ते व्यावसायिक रंगमंचावर आले. एक आंधळा, एक बहिरा, एक मुका असे तीन मित्र आणि एक मुलगी ही त्याची मांडणी म्हणजे संवादाच्या अडथळ्यांचे यंत्र आहे. स्पर्धेला हवा असलेला वेग, नेमकेपणा आणि हशाची ठरलेली जागा यांचे ते उत्तम फळ होय. स्पर्धेचे गुण येथे नाटकाचेच गुण झाले. दुसरे उदाहरण प्राजक्त देशमुख यांच्या 'देवबाभळी'चे. तीही आधी एकांकिकाच होती आणि २०१७ मध्ये 'संगीत देवबाभळी' म्हणून दोन अंकी रूपात आली. आवली आणि रखुमाई या दोन स्त्रियांच्या बोलण्यावर ती उभी आहे. तिच्यात दचकविण्यापेक्षा एका पात्राने दुसऱ्याचे ऐकत राहण्याला अधिक महत्त्व आहे. ही दोन नाटके शेजारी ठेवली की स्पर्धेचा साचा सर्वशक्तिमान आहे असे म्हणवत नाही. साच्याला पुरून उरणारी आणि साच्यालाच नाटक करून टाकणारी, अशा दोन्ही वाटा लेखकाला मोकळ्या असतात.

वर 'ऐकणे' हा शब्द आला. माझ्या मते स्पर्धेतील नाट्य आणि स्पर्धेतील वक्तृत्व यांतील खरा भेद येथे आहे. रंगमंचावरील नटाला सहनटाचे ऐकावेच लागते. न ऐकणारा नट दुसऱ्याच प्रयोगात उघडा पडतो. वक्तृत्व स्पर्धेतील वक्त्याला कोणाचेच ऐकावे लागत नाही. त्याचा क्रमांक पुकारला जातो, तो येतो, नेमून दिलेली मिनिटे बोलतो आणि जातो. त्याच्या आधीच्या स्पर्धकाने तोच दाखला दिला असला, तरी तो आपला दाखला बदलत नाही, कारण भाषण पाठ आहे. विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, आविर्भाव, परिणाम अशी गुणांची विभागणी सर्वत्र आढळते. श्रवणाला त्यात रकाना नाही. दिवाकरांची नाट्यछटा शाळकरी स्पर्धांत म्हटली जाते, तिच्याशी तुलना करून पाहावी. तेथेही रंगमंचावर एकच व्यक्ती बोलते, पण समोरचे न दिसणारे माणूस काय म्हणाले हे तिच्या प्रत्येक वाक्यातून कळत राहते. एकट्याच्या बोलण्यातही ऐकणे असू शकते, याचा तो धडा आहे. आपण नाट्यछटेचा आविर्भाव तेवढा वक्तृत्वात नेला आणि तिचा कान मागे ठेवला.

याबाबतीत प्रस्तुत लेखकाने आपली चूक कबूल केली पाहिजे. वक्तृत्व मंडळाचे काम पाहत असताना द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीला मी पूर्ण भाषण लिहून दिले होते. ती गावाहून एसटीने येणारी, आवाजाची आणि धीटपणाची देणगी असलेली मुलगी. पहिली फेरी तिने जिंकली. अंतिम फेरीत उत्स्फूर्त विषय होता. चिठ्ठीवर 'पाणी' एवढाच शब्द. रोज सकाळी ती घरासाठी पाणी भरून मगच महाविद्यालयात येत असे, हे मला ठाऊक होते. व्यासपीठावर मात्र तिने माझ्या भाषणातील अलंकार आठवून आठवून 'जलसंपत्ती'वर दोन वाक्ये जुळविली आणि ती थांबली. खाली आल्यावर म्हणाली, "सर, तुमच्यासारखं सुचलंच नाही." तिच्याजवळ सांगण्यासारखे होते, ते स्पर्धेच्या भाषेत बसत नाही असा समज तिला मीच करून दिला होता. पूर्ण भाषण लिहून देणे मी त्यानंतर बंद केले. आमच्या महाविद्यालयाची पारितोषिके त्यामुळे कमी झाली, हेही नोंदविले पाहिजे. वादविवाद स्पर्धा या दृष्टीने उजव्या ठरतात. खंडनाच्या फेरीत समोरच्याचे ऐकल्यावाचून गत्यंतर नसते. ती फेरी वेळ वाचविण्यासाठी पुष्कळ ठिकाणी गाळली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

आता परीक्षणाकडे वळू. २०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम टप्प्यात परीक्षकांनी करंडक कोणत्याही संघाला न देण्याचा निर्णय घेतला आणि त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर चर्चा झाली. काहींना तो विद्यार्थ्यांचा अपमान वाटला, काहींना दर्जाचा आग्रह. करंडक रोखण्याचा अधिकार परीक्षकांना असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दरवर्षी कोणीतरी श्रेष्ठ असलेच पाहिजे हा आग्रह कलेला लागू पडत नाही. परंतु वादाच्या गदारोळात एक मुद्दा बाजूला राहिला. असा निर्णय हे समीक्षेचे विधान असते, आणि समीक्षेला संहिता लागते. स्पर्धेतील बहुसंख्य एकांकिका कधीच छापल्या जात नाहीत. त्या अर्ध्या-पाऊण तासात होतात आणि मुले पदवीधर झाली की नाहीशा होतात. ज्यांनी प्रयोग पाहिले नाहीत, त्यांनी परीक्षकांशी सहमत तरी कशाच्या आधारे व्हावे, आणि विरोध तरी कशाच्या? रत्नाकर मतकरींसारख्या लेखकाच्या एकांकिकांचे संग्रह ग्रंथालयात मिळतात, म्हणून त्यांच्यावर मतभेद होऊ शकतात. विद्यार्थी लेखकाच्या वाट्याला केवळ आकडा येतो.

म्हणून किमान दोन गोष्टी आयोजकांनी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. अंतिम फेरीतील संहिता, त्या निर्दोष नसल्या तरी, एकत्र छापाव्यात. आणि प्रत्येक संघाला परीक्षकाने स्वाक्षरीनिशी एक पानभर लेखी अभिप्राय द्यावा. यात खर्च फारसा नाही, कष्ट मात्र आहेत. सध्या पारितोषिक वितरणात परीक्षकाचे पाच-दहा मिनिटांचे मनोगत होते, त्यात वाचन वाढवा, नाटके पाहा असा सर्वांना सारखाच उपदेश असतो. निकालानंतर मुले नाट्यगृहाच्या जिन्यात परीक्षकाला गाठतात. कोणाच्या चेहऱ्यावरचा रंग अर्धा पुसलेला असतो, कोणाच्या हातात अजून प्रॉपर्टीची पिशवी असते. "सर, आमचं नेमकं कुठे चुकलं?" असे ती विचारतात. परीक्षकाला परतीची गाडी गाठायची असते, आणि गुणपत्रिका तर त्याने मघाशीच पाकिटात घालून आयोजकांकडे दिलेली असते.