नाथसागर : कावड आणि ओंजळ

पैठणच्या धरणामागे जे पाणी पसरले आहे त्याला नाथसागर म्हणतात. मी मराठी शिकवतो. संत एकनाथांचा पाठ आला की वर्गात दोन कथा सांगाव्या लागतात. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल नाथांनी उचलून घेतले, ही पहिली. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही दुसरी. एकदा ही दुसरी कथा सांगून झाली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, गाढवाला नाथ भेटले नसते तर?"

वर्ग हसला. मला हसता आले नाही. त्या मुलाच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो आणि ते गाव नाथसागरापासून फार लांब नाही.

आपण ग्रंथांची समीक्षा करतो, नावांची करीत नाही. वास्तविक नाव हेही एक विधानच असते. जलाशयाला नाथांचे नाव देणाऱ्यांनी एक आश्वासन दिले आहे. ते कितपत पाळले गेले, आणि मुळात ते आश्वासन आपल्याला पुरेसे आहे काय, हे दोन प्रश्न मला विचारायचे आहेत.

जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीचे हे मातीचे धरण. त्यामागे सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा जलाशय. एकूण साठा १०२ टीएमसीच्या आसपास, त्यांपैकी उपयुक्त सुमारे ७६. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. पावणेदोन लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजवावी हा हेतू. मराठवाड्यासारख्या कोरड्या, निजामी राजवटीत मागे राहिलेल्या प्रदेशाला याची गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

या पाण्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. त्यांपैकी एक आमचे.

या जलाशयाला नाथांचे नाव मिळाले त्यासाठी कुणाचे घर जळले नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मात्र याच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. दया शिकवणाऱ्या संताचे नाव या समाजाला चालते, हक्क शिकवणाऱ्या माणसाचे नाव सलते. नाथांविषयी मला आदर आहे. ज्यांनी आपल्या भारुडात महाराला बोलते केले त्या कवीविषयी आदर नसणे हा करंटेपणा होईल. परंतु नाथांचा आदर करणे वेगळे आणि नाथांच्या नावाआड लपणे वेगळे.

माझी आजी याच धरणाच्या मातीकामावर होती. जे धरण तिचे घर बुडवणार होते त्याच्यावरच तिने पाट्या वाहिल्या. "हजेरी भेटायची, लेकरा. बाहत्तरला दुसरं होतंच काय?" एवढेच ती सांगे. आमच्या नावावर सातबारा नव्हता. आजोबा गायरानाचा एक तुकडा कसत. ज्यांची गंगथडीची काळी जमीन गेली त्यांना जमिनीचा मोबदला मिळाला. तोही अपुरा, तोही हेलपाटे घालून. आम्हाला चार मातीच्या भिंतींचे पैसे मिळाले. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा, आणि धरणाचे उद्घाटनही त्याच सालचे. कायदा कागदावर आला तेव्हा आमचे गाव उठून गेले होते.

आपल्या साहित्याने या विस्थापनाकडे कसे पाहिले? विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि धरणग्रस्त मराठी कादंबरीच्या मध्यभागी आला, हे मोलाचे झाले. पण एरवी बुडालेल्या गावावर जे लेख, ज्या कविता, जी स्मरणे लिहिली जातात त्यांत बुडते ते देऊळ, पार, वाडा आणि आमराई. महारवाडा बुडाल्याचे दुःख त्यांत क्वचितच असते, आणि गाव बुडाले म्हणजे नेमके काय बुडाले हा प्रश्न तर नसतोच. आजीला मी एकदा विचारले, गावाची आठवण येते का? ती म्हणाली, "दोन विहिरी होत्या. त्यांची वेगळी, आपली वेगळी. गंगेनं दोन्ही एक केल्या." शिकलेल्या माणसाच्या गावओढीवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. पुढे नवे गावठाण आखले गेले तेव्हा आमचे प्लॉट पुन्हा कडेला पडले आणि आमच्यासाठी पुन्हा वेगळा हापसा आला. गंगेने जे एक केले ते आखणी करणाऱ्याने पुन्हा दोन केले.

दया पवारांनी धरण बांधणाऱ्या बाईचे गाणे लिहिले आहे. ते आज सभांमधून चालीवर म्हटले जाते, आणि म्हणूनच कदाचित त्याची समीक्षा कमी होते. त्या गाण्याचे सामर्थ्य करुणेत नाही. आपण बांधतो आहोत ते आपले नाही, हे त्या बाईला ठाऊक आहे; त्या कळण्यात त्याचे सामर्थ्य आहे. नाथांच्या कथेतील गाढवाला असे काही कळत नाही. तिथे तहानलेला मुका आहे. कथा पाणी देणाऱ्याची आहे.

इथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. तेही माणसांनी राखलेले, नगरपालिकेचे तळे होते. तिथे कोणी कावड रिकामी केली नाही. तहानलेला स्वतः उठला, काठावर गेला आणि त्याने पाणी घेतले. पुढे खटला चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. कावड ही दया आहे, ओंजळ हा हक्क आहे. टँकर ही आजची कावड आहे. तो येतो तेव्हा उपकार होतात. येत नाही तेव्हा दाद कुठे मागायची ते कळत नाही.

नाथसागराच्या पाण्यावर हक्काने कोण उभे आहे? औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, याच पाण्यावर पोसले आहे. तिथले कारखाने याच पाण्यावर आहेत, लाभक्षेत्रातला ऊसही. २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला आणि जलाशय मृतसाठ्यावर आला. खेडी टँकरवर असताना मद्याच्या कारखान्यांचे पाणी तोडण्यासाठी त्या एप्रिलमध्ये औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला, आणि तोही कपातीचा होता. नाथांच्या नावाच्या पाण्यावर बिअर आधी आणि माणूस नंतर, हे ठरवले कुणी?

वरच्या धरणांनी जायकवाडीला पाणी सोडावे यासाठी मराठवाडा भांडतो. ते भांडण न्याय्य आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पण हा समन्याय धरणाधरणांतला आहे. नाशिक-नगरचा शेतकरी आणि मराठवाड्याचा शेतकरी यांच्यात न्याय झाला तरी जमीन नसलेला कुठे उभा राहील? कालव्याचे पाणी जमिनीला मिळते. जमीन नसलेल्या माणसाला मिळत नाही. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरीच्या जमिनीसाठी आमची माणसे दरवर्षी डोळे लावून बसतात, ती याचमुळे.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला धरणेच नकोत. असे म्हणणाऱ्याने बाबासाहेब वाचावेत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांतील बहुउद्देशीय योजनांना त्यांनीच दिशा दिली. पुराचे पाणी संकट मानून समुद्राला लोटू नये, साठवून लोकांच्या कामी आणावे, ही त्यांची भूमिका होती. आपला नकार साठवण्याला नाही, वाटण्याच्या रीतीला आहे. आणि दुसरी रीत अशक्य नाही. १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी ठरवला आणि त्यात भूमिहीनांनाही हक्क दिला. जे उपसा योजनेवर जमले ते ७६ टीएमसीच्या धरणावर का जमू नये? अडचण तंत्राची नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की पाण्याचा प्रश्न दुष्काळापुरता हाती घेऊ नका. टँकर मागू नका, वाटा मागा. लाभक्षेत्रातल्या भूमिहीनाचा माणशी वाटा, धरणग्रस्ताचा गाळपेरीवर पहिला हक्क, आणि कारखान्याच्या आधी गावाची तहान, या तीन मागण्या घेऊन वर्षभर उभे राहा. शिक्षकांना सांगणे एवढेच की नाथांची कथा शिकवाल त्या तासाला महाडही शिकवा.

त्या मुलाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढच्या तासाला दिले. नाथ भेटले नसते तर ते गाढव मेले असते, कारण त्याला काठावर जाता येत नव्हते. आपल्याला जाता येते.