‘मला’ या शब्दाचं वजन

पं. कुमार गंधर्वांच्या ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या ध्वनिमुद्रिकेचं नाव आधी नीट वाचायला हवं. ‘बालगंधर्वांची नाट्यगीते’ एवढं नावही चाललं असतं. पण कुमारजींनी त्यात ‘मला’ घातलं आणि ‘उमजलेले’ही घातलं. एक गायक आपल्या आवडत्या गायकाबद्दल बोलतोय, फक्त बोलायची भाषा गाण्याची आहे.

हे नाव इतकं जड का वाटतं, ते कळायला कुमारजींचं बालपण आठवावं लागतं. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेलं हे पोर मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाऊन दाखवायचं. त्यावरच त्याचं नाव झालं. म्हणजे बालगंधर्वांची नक्कल करायला यांच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. तरी त्यांनी ती केली नाही.

मध्ये आयुष्यही आडवं आलं होतं. क्षयामुळे १९४८मध्ये ते देवासला गेले आणि काही वर्षं गाणंच बंद पडलं. नंतर परतलेल्या गळ्यात छोटे, टोकदार स्वरसमूह होते, मध्ये शांतता होती. बालगंधर्वांचं गाणं याच्या उलट: एका स्वरातून दुसऱ्यात अलगद घरंगळणारं, कुठे जोर लावल्याचं जाणवूच न देणारं. त्यामुळे कुमारजींकडून ऐकताना ओळखीची ओळ मध्येच थांबते, श्वास घेते आणि त्या जागी मुळात काय घडत होतं ते अचानक लक्षात येतं.

दुसऱ्याचा कोड खरोखर समजलाय का, हे तो आपल्या हातानं पुन्हा लिहिल्यावर कळतं. कॉपी-पेस्ट केलेलाही चालतो, पण तो का चालतो ते सांगता येत नाही. काळेवाडीतल्या भाड्याच्या खोलीत बसून, लॅपटॉपवर, मीसुद्धा आज थोड्याशा नमुन्यावरून एखाद्या गायकाचा आवाज एआयकडून बनवून घेऊ शकतो. त्यात आवाज मिळेल. ‘मला’ म्हणणारं कुणी त्यात नसेल.

पण या ध्वनिमुद्रिकेत एक गोष्ट हरवते, आणि ती लहान नाही. बालगंधर्व रंगभूमीवर गात होते. १९१६च्या ‘स्वयंवर’मध्ये चाली भास्करबुवा बखल्यांच्या होत्या, तरी प्रेक्षकांसमोर गायची ती रुक्मिणी. तिचा लटका राग, तिची लाज त्या पदांत मिसळलेली होती. कुमारजींच्या गाण्यात पद बंदिशीसारखं स्वच्छ दिसतं, पण रुक्मिणी विंगेत निघून जाते. त्यांना उमजले ते गायक बालगंधर्व. नट बालगंधर्व फारसे नाहीत. नावातला ‘मला’ हीसुद्धा कबुली देतो, असं मी मानतो. हा माझा वाटा, उरलेला तुम्ही शोधा.

म्हणून ऐकताना क्रम पाळा. आधी बालगंधर्वांची जुनी, खरखरणारी, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी. त्या काळी एका बाजूवर मावायचं तेवढंच. रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत कितीतरी लांबायचं. मग कुमारजी. आणि नंतर परत तीच तबकडी ऐका. दुसऱ्यांदा ती वेगळी लागली, तर कुमारजींचं म्हणणं पोचलं.